‘रक्तातच असेल का हे?’ : एका दत्तक मुलाच्या चोरीचं प्रकरण

हे प्रकरण कुटुंबाच्या संमतीनं लिहिलं आहे. नावं, गावं, नोकऱ्या आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. प्रसंगांचा क्रम आणि घेतलेले निर्णय मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत. मी दत्तक कुटुंबांसोबत काम करणारी समुपदेशक आहे. माणूस जन्मतः जसा असतो तसाच राहतो की अनुभवानं घडतो, हा वाद माझ्याकडे कधीच तात्त्विक रूपात येत नाही. तो येतो तेव्हा कुणाच्या तरी पर्समधले पैसे गेलेले असतात.

पार्श्वभूमी

रोहन दत्तक घरी आला तेव्हा साडेसहा वर्षांचा होता. हे वयही अंदाजाचंच, कारण त्याची जन्मतारीख डॉक्टरांनी तपासून ठरवलेली. दोनेक वर्षांचा असताना तो मराठवाड्यातल्या एका एसटी स्टँडवर सापडला. पोलिसांनी शोध घेतला, वर्तमानपत्रात फोटो छापून आला, पण न्यायला कुणी आलं नाही. बाल कल्याण समितीकडून तो कायद्यानं दत्तकासाठी मोकळा होईपर्यंत बराच काळ गेला. मधली चार वर्षं त्यानं दोन संस्थांत काढली. म्हणजे सांभाळणाऱ्या मावश्याही बदलल्या, शेजारच्या खाटेवरची मुलंही बदलली.

आई-बाबा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातले, दोघंही चाळिशीत. आई सहकारी बँकेत, बाबा वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता विभागात. घरात बाबांची आई. दत्तकासाठीच्या सरकारी ‘कॅरिंग्ज’ पोर्टलवर नोंदणी करताना त्यांनी दोन वर्षांपर्यंतचं बाळ मागितलं होतं. तीन वर्षांहून जास्त वाट पाहिल्यावर त्यांनी वयोगट बदलला. ‘मोठं मूल म्हणजे निदान रात्रीची जागरणं तरी नाहीत,’ असं आई तेव्हा बहिणीला म्हणाली होती. पुढे वर्षभर रोहन रात्री दोन-अडीचला उठून सगळ्या खोल्यांतून कोण कुठे झोपलंय ते बघून यायचा.

संस्थेनं दिलेल्या बाल अभ्यास अहवालात स्वभावाबद्दल तीन शब्द होते : मनमिळाऊ, चंचल, भूक चांगली. असे अहवाल नेहमी वाचणाऱ्याला हे तीन शब्द थांबवतात. संस्थेत वाढलेलं मूल ‘मनमिळाऊ’ असेल तर ते कुणाही परक्याच्या कडेवर जातं का, आणि ‘भूक चांगली’ असेल तर ते अन्न लपवतं का, हे विचारून घ्यायला हवं असतं. इथे कुणी विचारलं नाही, कारण पालकांना ते कौतुकच वाटलं.

दत्तकपूर्व संगोपनाचा काळ, म्हणजे आदेशाआधी मूल घरी राहतं तो, छान गेला. २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, तोही फारशी अडचण न येता मिळाला. आईला दत्तक रजा मिळाली नाही, कारण तेव्हाच्या कायद्यानं ती तीन महिन्यांहून लहान बाळ घेणाऱ्या आईलाच होती. तिनं साठवलेली रजा महिनाभर वापरली आणि ती कामावर परतली. शाळेतून आल्यापासून संध्याकाळपर्यंत रोहन आजीजवळ असे.

काय घडलं

सुरुवात पोळीपासून झाली. उशीच्या अभ्र्यात अर्धी पोळी, दप्तराच्या तळाशी चुरा झालेली बिस्किटं, कपाटामागे वाळलेला शिरा आणि त्यावर मुंग्या. आजीला हसू आलं, मग किळस आली. त्यानंतर देवघरातल्या तबकातली नाणी गेली. मग आईच्या पर्समधले दोनशे रुपये. वर्गातल्या एका मुलाचं पेन. समोर बघितलेलं असतानाही तो ‘मी नाही घेतलं’ असं डोळ्याला डोळा भिडवून सांगे, आणि आजीला चोरीपेक्षा याचाच जास्त धसका बसला.

याशिवाय दोन गोष्टी होत्या. तो एका जागी बसत नसे. जेवताना तीनदा उठणं, वहीत चार ओळी लिहून खिडकीकडे धावणं, रस्त्यावर हात सोडून पळणं. आणि तो कुणाहीबरोबर जाई. एकदा पेपरवाल्याच्या सायकलवर मागे बसून दोन गल्ल्या पलीकडे पोचला होता. पेपरवाल्यालाच काळजी वाटली आणि त्यानं आणून सोडला.

गणपतीत सगळे जमले असताना आत्याच्या पर्समधली पाचशेची नोट गायब झाली. ती रोहनच्या कंपासपेटीत सापडली. पंधरा माणसांसमोर झडती झाली, काकांनी कान पिरगळला, आणि आजी म्हणाली, ‘खाण तशी माती. कुठल्या जातीतलं, कुणाचं, कोण जाणे. आमच्या घराण्यात परक्याच्या पैशाला कधी कुणी हात लावला नाही.’ रोहन रडला नाही. तो पडला-खरचटला तरी रडत नसे. हेही आजीनं ‘निगरगट्टपणा’च्या खात्यात जमा केलं.

दुसऱ्या आठवड्यात बाबांनी दत्तक संस्थेला फोन करून विचारलं, की मूल परत देता येतं का. संस्थेनं त्यांना माझ्याकडे पाठवलं.

प्रश्न काय होता

पहिल्या बैठकीत तिघांकडे तीन उत्तरं तयार होती. आजींचं उत्तर रक्त. आईचं उत्तर संस्कार : ‘मीच कमी पडले, मी घरी असते तर हे झालं नसतं.’ बाबांनी मात्र एक कागद आणला होता, आणि या प्रकरणात मला सगळ्यात जास्त वेळ त्या कागदावर घालवावा लागला.

ते १९८४ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेलं डेन्मार्कमधलं संशोधन होतं. १९२४ ते १९४७ या काळात तिथे नात्याबाहेर दत्तक गेलेल्या १४,४२७ मुलांची नोंद घेऊन, त्यांच्या जन्मदात्यांना आणि दत्तक पालकांना गुन्ह्यात शिक्षा झाली होती का, आणि पुढे त्या मुलांना झाली का, हे ताडून पाहिलं होतं. मुलग्यांचे आकडे असे : दोन्हीकडचे पालक निष्कलंक असतील तर १३.५ टक्के मुलग्यांना शिक्षा झाली. फक्त दत्तक पालकांना झाली असेल तर १४.७ टक्के. फक्त जन्मदात्यांना झाली असेल तर २०. दोन्हीकडे झाली असेल तर २४.५. बाबांनी ‘२०’ला लाल वर्तुळ केलं होतं. गुणवत्ता विभागातला माणूस, त्याला आकडा दिसला की पुरावा वाटतो.

हे संशोधन खोटं आहे असं सांगून मोकळं होता आलं असतं. ते खोटं नाही. जन्मदात्यांशी असलेलं नातं त्यात दिसतं आणि ते नाकारणं म्हणजे पालकांना फसवणं. म्हणून आम्ही तोच कागद टेबलावर ठेवून वाचला. २० टक्के म्हणजे जन्मदाते गुन्हेगार असूनही ८० टक्के मुलग्यांना कधीच शिक्षा झाली नाही. साडेतेरा आणि वीस यांत फरक आहे, पण ‘रक्तातच आहे’ या वाक्याला लागतो तेवढा तो मोठा नाही. हे नातं मालमत्तेच्या गुन्ह्यांपुरतं दिसलं, हिंसक गुन्ह्यांत दिसलं नाही. आणि हा हिशेब मोठेपणी न्यायालयात झालेल्या शिक्षांचा होता, सात वर्षांच्या मुलानं कंपासपेटीत लपवलेल्या नोटेचा नव्हता.

मग मी बाबांना विचारलं, की तुम्ही रोहनला या चारपैकी कोणत्या रकान्यात टाकलंत? ते ‘तिसऱ्या’ म्हणाले. का, तर त्याचे आई-वडील... आणि तिथे ते थांबले. एसटी स्टँडवर सापडलेल्या मुलाच्या जन्मदात्यांबद्दल कुणालाच काही माहीत नव्हतं. ते गुन्हेगार होते, गरीब होते, गर्दीत चुकामूक झाली होती की मेले होते, कशाचीच नोंद नाही. चोरीवरून रक्त ठरवलं होतं आणि मग रक्तावरून चोरी सिद्ध केली होती.

आजींच्या वाक्यातल्या जातीच्या उल्लेखाबद्दल थोडं विषयांतर करते. हा विचार त्या एकट्यांचा नाही, तो एके काळी सरकारी कायदा होता. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरची ‘सेटलमेंट’, म्हणजे अशा जमातींना कोंडून ठेवायची वसाहत, त्याच व्यवस्थेतली, आणि तो कायदा गेला १९५२ साली. यातली विसंगती अशी, की १८९७च्या दुरुस्तीनं चार ते अठरा वर्षांच्या मुलग्यांना आई-बापांपासून काढून सुधार-वसाहतीत ठेवायचीही सोय केली. गुन्हा रक्तात असेल तर आई-बापांपासून तोडून काय सुधारणार होतं? सरकारला दोन्ही म्हणणी एकाच वेळी सोयीची होती. आजही घरात तसंच होतं. मूल नकोसं झालं की ते रक्त, आणि त्याला मारायचं असलं की ते वळण.

आईच्या उत्तराकडे मी तेवढ्याच गंभीरपणे पाहिलं, कारण ते दिसतं त्याहून घातक होतं. ‘सगळं संस्कारांवर असतं’ हे ऐकायला उदार वाटतं. पण ते खरं मानलं तर रोहन जेवताना उठतो त्यालाही आई जबाबदार, तो अक्षर गिरवत नाही त्यालाही तीच. ती रात्री अकरापर्यंत त्याला समोर बसवून पाठांतर करून घेत होती आणि मग स्वतः बाथरूममध्ये जाऊन रडत होती. रक्ताच्या सिद्धांतानं मुलाला वाट ठेवली नव्हती, संस्काराच्या सिद्धांतानं आईला.

तपासणी

दोन्ही सिद्धांत बाजूला ठेवून मी एक साधी वही मागितली. काय घेतलं, कधी, कुणाचं, आणि घेतल्यावर त्याचं काय केलं. शेवटचा रकाना महत्त्वाचा होता आणि तो आजवर कुणी भरला नव्हता. मागचे प्रसंग आठवून आणि नवे टिपून दीड-दोन महिन्यांत चित्र बऱ्यापैकी दिसू लागलं.

त्यानं एकही पैसा खर्च केला नव्हता. देवघरातली नाणी, दोनशे रुपये, आईचा जुना रुमाल, बाबांच्या शर्टाचं तुटलेलं बटण हे सगळं गादीखाली एका कॅरीबॅगेत होतं. रुमाल आणि बटण हरवल्याचं कुणाला कळलंच नव्हतं, म्हणून ती ‘चोरी’ नव्हती. दोनशे रुपये गेले तो दिवस आई बँकेच्या प्रशिक्षणासाठी पुण्याला निघाली त्याच्या आदल्या रात्रीचा. आत्याची नोट गेली ती आत्या परत निघायच्या दिवशी, आणि आत्या त्याची लाडकी. माणूस जायला निघालं की त्याचं काहीतरी ठेवून घ्यायचं, असा तो प्रकार होता. सगळंच यात बसलं असं नाही. वर्गातल्या मुलाचं पेन त्यानं घेतलं कारण ते चार रंगांचं होतं आणि त्याला हवं होतं. सात वर्षांची बरीच मुलं हे करतात.

अन्न लपवण्याचं कोडं अवघड नव्हतं. ज्यांनी संस्थांतली मुलं पाहिली आहेत त्यांना ते ओळखीचं आहे. तीच गोष्ट परक्यांबरोबर जाण्याची. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर रोमानियातून, बहुतेक तिथल्या अनाथालयांतून, इंग्लंडमध्ये दत्तक गेलेल्या १६५ मुलांचा मायकेल रटर आणि सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. ज्यांनी सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ अनाथालयात काढला होता, त्यांच्यात परक्यांशी अशी बेधडक सलगी आणि लक्ष न टिकणं जास्त दिसलं आणि अनेकांत ते मोठेपणापर्यंत टिकलं. पण तितकाच काळ तिथे काढूनही काही मुलं व्यवस्थित वाढली, आणि हेही त्याच अभ्यासातलं. तेच हाल, परिणाम वेगवेगळे. अनुभवच सगळं घडवतो असं म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करायला हवा.

अस्वस्थपणा मात्र वहीत कुठल्याच प्रसंगाशी जुळेना. कुणी जाणार असो वा नसो, शाळा असो वा सुट्टी, तो सारखाच. बालमानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बुद्धिमापन चाचणी वयानुसार, ऐकणं-बघणं ठीक, हिमोग्लोबिन कमी. निदान एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता यांचा विकार.

निदानानंतर आजींनी लगेच विचारलं, ‘मग हे तरी रक्तातलं की नाही?’ जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून एडीएचडीची आनुवंशिकता साधारण ७४ टक्के सांगितली जाते. हा आकडा घरात नेताना फार जपावं लागतं. त्याचा अर्थ रोहनच्या चंचलपणाचा पाऊण भाग जनुकांनी दिला आणि पाव भाग संस्थेनं, असा नाही. अनेक मुलांमध्ये जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला किती भाग जनुकांतल्या फरकांशी जोडता येतो, एवढंच तो सांगतो. एकट्या मुलाबद्दल तो काहीच बोलत नाही. उंचीचंही तसंच. उंची मोठ्या प्रमाणात आनुवंशिक आहे, तरी उपाशी ठेवलेलं मूल खुजंच राहतं. रोहनमध्ये दोन्ही वाटा शक्य होत्या, जन्मजात कल आणि संस्थेतली वर्षं, आणि त्या वेगळ्या काढायचं साधन कुणाकडे नाही. औषध आणि दिनक्रम ठरवायला ते वेगळं काढावंही लागत नाही.

आईवर या निदानाचा झालेला परिणाम आम्ही कुणी धरला नव्हता. ती म्हणाली, ‘म्हणजे तो जेवताना उठतो ते मी नीट वाढवलं नाही म्हणून नव्हे?’ जन्मजात असण्याची शक्यता या घरात पहिल्यांदाच कुणालातरी दिलासा देऊन गेली.

समोर असलेले पर्याय

पहिला, दत्तक रद्द करणं. आदेश झालेला असल्यानं तो अधिकृतपणे रद्द करून घ्यावा लागला असता. कायद्यात वाट आहे, आणि ती कधीच वापरू नये असंही मी म्हणणार नाही. मूल धोक्यात असेल तर ती वापरावी लागते. इथे धोका नव्हता, थकवा होता. सोडून गेलेल्यांच्या वस्तू साठवणाऱ्या मुलाला परत पाठवण्याचा अर्थ काय होईल हे वही बघितल्यावर बाबांना सांगावं लागलं नाही.

दुसरा, निवासी शाळा. हा काकांचा आग्रह : ‘शिस्त लागेल.’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण रोहनची चार वर्षं ताटं-वाट्या मोजून मिळणाऱ्या ठिकाणीच गेली होती आणि शिस्त त्याला भरपूर होती. कमतरता कायमच्या माणसाची होती.

तिसरा, कडक बंदोबस्त. कपाटांना कुलुपं, रोज झडती, आणि आजींच्या ओळखीच्या हवालदाराकडून एकदा दम. हा पर्याय घरात आधीच निम्मा सुरू झाला होता आणि त्यामुळे खोटं बोलणं वाढल्याचं वहीत दिसत होतं. पोलिसाच्या दमाला मी स्पष्ट नकार दिला. या मुलाला स्टँडवरून उचललं ते पोलिसांनी. त्याला त्यातलं काय आठवतं ते कुणालाच माहीत नाही, आणि ते असं तपासून बघायचं नसतं.

चौथा पर्याय फक्त औषधाचा, तो बाबांना आवडला. पाचवा, घराचा दिनक्रम बदलायचा, शाळेला सोबत घ्यायचं आणि औषधाचा निर्णय तीन महिन्यांनी घ्यायचा. पाचव्यावर सगळे राजी झाले म्हणण्यापेक्षा, बाकीचे एकेक करून गळाले.

काय केलं

स्वयंपाकघरात खालच्या फळीवर रोहनच्या नावाचा स्टीलचा डबा ठेवला. शेंगदाण्याची चिक्की, चिवडा, लाडू. नियम एकच : डबा कधी रिकामा राहणार नाही आणि उघडायला विचारावं लागणार नाही, रात्रीसुद्धा. आजींनी विरोध केला, सारखं खात सुटेल म्हणून. पहिले दहा-बारा दिवस तो खरंच खात सुटला. एकदा पोटही बिघडलं. डबा तरी भरतच ठेवला. दिवाळी उलटेपर्यंत उशीतल्या पोळ्या थांबल्या. तो डबा उघडून बघून बंद करू लागला.

पैशांबाबत ‘तू घेतलेस का?’ हा प्रश्नच बंद केला. उत्तर माहीत असताना विचारलेला प्रश्न म्हणजे सापळा, आणि त्यातून फक्त खोटं निघतं. त्याऐवजी ‘हे आत्याचे आहेत, चल, ठेवून येऊ’ म्हणायचं आणि सोबत जाऊन ठेवायचं. पर्सेस गाजावाजा न करता वर गेल्या. आठवड्याला वीस रुपये त्याचे स्वतःचे.

माणसांच्या जाण्यासाठी वेगळी सोय केली. घरातून दोन दिवसांसाठी जरी कुणी गेलं तरी स्वतःची एक वस्तू रोहनला सांभाळायला देऊन जायचं आणि परतायच्या तारखेवर कॅलेंडरमध्ये खूण करायची. बाबांनी आधी हे थट्टेवारी नेलं. मग एकदा कंपनीच्या कामाला चेन्नईला जाताना घड्याळ देऊन गेले. परतले तर रोहननं ते मोज्यात गुंडाळून ठेवलं होतं आणि दाराशीच हातात दिलं.

आजींचं मन वळवण्याचा प्रयत्न मी फार केला नाही. पंचाहत्तरीच्या बाईला आनुवंशिकता शिकवण्यापेक्षा एक गोष्ट मागणं शहाणपणाचं होतं : रक्ताबद्दल जे म्हणायचं ते त्याच्यासमोर म्हणायचं नाही. दिवसातले पाच-सहा तास तो ज्या बाईबरोबर होता तिच्या तोंडून तो स्वतःबद्दल काय ऐकतो, हा त्याच्या अनुभवाचा मोठा भाग होता. ‘मनात काय ते माझं मी बघेन,’ असं म्हणून त्यांनी शब्द दिला आणि बहुतांशी पाळला.

औषधाचा निर्णय तीन महिन्यांनी झाला, कारण घर शांत झालं तरी वर्गात त्याचं लक्ष टिकत नव्हतं. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट सुरू केलं. त्यातून एक पेच उभा राहिला. हे औषध भूक कमी करतं, आणि इथे अन्नाभोवतीच सगळी भीती होती. शाळेतून डबा जसाच्या तसा परत येऊ लागला आणि आता आजी धास्तावल्या, ‘पोरगं वाळून जाईल.’ डॉक्टरांशी बोलून आधी भरपेट नाश्ता, मग गोळी, आणि संध्याकाळी भूक परतली की पूर्ण जेवण, असं बसवलं. दर महिन्याला वजन. पहिल्या दोन महिन्यांत वजन जागचं हललं नाही, मग वाढलं.

निष्पत्ती

दीड वर्षानंतरची स्थिती लिहिते. अन्न लपवणं थांबलं. पैसे घेण्याचे नंतर दोनच प्रसंग झाले. त्यातला एक आजी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात गेल्या तेव्हाचा. त्यांच्या बटव्यातले चाळीस रुपये त्यानं घेतले आणि त्या घरी आल्यावर न सांगता परत ठेवले. रात्रीची फेरी बंद झाली. तो पडला तर आता रडतो, आणि बरंच मोठ्यानं.

जे बदललं नाही तेही सांगायला हवं. बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला तो अजूनही घरचा पत्ता सांगतो. औषध असूनही अक्षर गिचमिड आहे आणि एका जागी बसणं ही त्याची गोष्ट नाही. आई आता यावर रडत नाही. ती त्याला उभ्यानं पाढे म्हणू देते.

आणि त्याला वस्तू उघडायचा नाद आहे. बंद पडलेला मिक्सर, टॉर्च, रिमोट, सगळ्याचे स्क्रू काढून ओळीनं मांडतो आणि बहुतेक वेळा परत जोडतो. आजोबा, म्हणजे आजींचे यजमान, रेडिओ दुरुस्त करायचे. मागच्या भेटीत आजी मला कौतुकानं म्हणाल्या, ‘हे मात्र अगदी ह्यांच्यावर गेलंय.’ बाबा माझ्याकडे बघून काही बोलणार होते. मी मान हलवून थांबवलं.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळं काय करता आलं असतं

पहिला टप्पा मूल घरी येण्याआधीचा होता. मोठ्या मुलाचा अहवाल तीन विशेषणांत संपू नये. तो लपवतो का, परक्यांकडे जातो का, रात्री उठतो का, कोणत्या मावशीशी त्याची जवळीक होती आणि ती कधी गेली, हे संस्थेतल्या लोकांना माहीत असतं. पालकांनी तिथल्या मावशीशी तासभर बोलणं हे कागदाहून उपयोगी पडलं असतं.

दुसरा टप्पा आजीचा. गृहअभ्यास, म्हणजे दत्तकाआधी होणारी कुटुंबाची पाहणी, आई-बाबांभोवती झाला, आणि दिवसभर मुलाला सांभाळणार असलेल्या आजींशी जेमतेम चहापुरतं बोलणं झालं. त्यांचा विरोध तेव्हाच होता, फक्त त्यांना कुणी विचारलं नाही. संयुक्त कुटुंबात दत्तकाचा निर्णय दोघांच्या सहीनं होतो, पण मूल तिसऱ्याच्या हाती राहतं. तयारी त्या तिसऱ्या माणसाचीही करून घ्यायला हवी.

तिसरा, शाळेला किती सांगायचं. आईनं विश्वासानं वर्गशिक्षिकेला सगळं सांगितलं, स्टँडवर सापडल्यासह. महिन्याभरात ते एका पालकाकडून व्हॉट्सअॅपवर परत आलं, ‘त्याचा खरा बॅकग्राउंड’ या शब्दांत. शिक्षिकेला एडीएचडी, बसण्याची जागा, औषधाची वेळ आणि गेटवर कुणाबरोबर सोडायचं एवढं कळणं गरजेचं होतं. जन्माची गोष्ट रोहनच्या मालकीची आहे आणि ती कुणाला सांगायची हे पुढे त्यानं ठरवायचं. अशा प्रकरणात मी आता शाळेसाठी वेगळं, एका पानाचं टिपण करून देते आणि पालकांनी त्याबाहेर जाऊ नये असं सुचवते.

चौथा टप्पा औषधाच्या वेळेचा, आणि यावर डॉक्टरांचं आणि माझं पूर्ण एकमत नाही. त्यांच्या मते तीन महिने थांबल्यानं शाळेचं एक सत्र वाया गेलं. माझ्या मते भुकेची भीती निवण्याआधी भूक मारणारं औषध सुरू केलं असतं तर डब्याचा उपाय लागू पडला असता का, हे कधी कळलंच नसतं. दोन्ही बाजूंना वजन आहे.

पाठपुराव्याचे नियमित अहवाल दत्तकानंतर दोन वर्षांपर्यंत, दर सहा महिन्यांनी होतात आणि मग थांबतात. रोहनचा शेवटचा अहवाल नुकताच गेला. त्यापुढे काही सक्तीचं नाही, म्हणून आम्ही वर्षातून दोनदा भेटायचं ठरवलं आहे. पुढच्या भेटीचे विषय ठरले आहेत : उन्हाळी सुट्टीत औषधाला खंड द्यायचा का, आणि त्यानं अलीकडे आईला विचारलेला प्रश्न, ‘माझं नाक कुणासारखं आहे?’ आईनं तेव्हा ‘माहीत नाही रे, पण शोधायचं असेल तर आपण मिळून शोधू’ असं सांगितलं. अठरा वर्षांखालील मुलाला पालकांसोबत अर्ज करून आपल्या मुळांचा शोध घेता येतो. त्याच्या फाइलमध्ये हाती लागेल असं फार थोडं आहे, हे त्याला कोणत्या वयात आणि कसं सांगायचं, यावर घरात अजून तीन मतं आहेत.